गाडी चालवताना रोज त्याच ठिकाणी डोकं फिरतंय? राग कुठं भरतो ते आधी शोधा

"तावडे हॉटेलजवळ आलो की डोकं फिरतंच." "दाभोळकर कॉर्नरला रोज कुणाशी तरी वाजतंच." "बायको आता शेजारी बसायला नको म्हणते." मी कोल्हापुरात मोटार ड्रायव्हिंग शिकवतो, आणि ही वाक्यं मला ऐकवतात ती लायसन्स काढून कैक वर्षं झालेली माणसं. त्यांना गाडी येते, चांगली येते. तक्रार एकच असते: राग आवरत नाही, आणि गाडीतून उतरल्यावर अर्धा दिवस वाया जातो.

रस्त्यावर शिस्त नाही हे खरंच आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. एकेरी मार्गात उलटी येणारी मोपेड, महाद्वार रोडवर भर गर्दीत उभी करून ठेवलेली कार, परीख पुलाखाली दोन्ही बाजूंनी एकदम घुसणारी वाहनं, हे सगळं आपण रोज बघतो. पण ती शिस्त येईपर्यंत तुम्हाला रोज कामावर जायचंय आणि तोवर रक्तदाब तुमचा वाढतोय. म्हणून जिथं आपला हात पोचतो तिथून दुरुस्ती सुरू करायची.

आधी राग कोणता ते ओळखा

अचानक पोरगं आडवं आलं, करकचून ब्रेक दाबला आणि तोंडातून शिवी गेली, तर तो मुळात घाबरल्याचा राग असतो. मिनिट-दोन मिनिटांत उतरतो. त्यावर काही इलाज करायची गरज नाही, शरीर आपलं काम करतं. मी बोलतोय तो दुसरा राग: कारण किरकोळ, भडका मोठा, आणि रोज तेच.

याची एक साधी परीक्षा आहे. रविवारी सकाळी घरच्यांना घेऊन जोतिबाला निघालाय, कुणीतरी आडवी गाडी घातली. तेव्हाही तुम्ही काच खाली करून ओरडता का? बहुतेक जण थोडा विचार करून "नाही" म्हणतात. मग सोमवारी संध्याकाळी तीच आडवी गाडी एवढी का झोंबते? गाडी तीच, रस्ता तोच. बदललेले असता तुम्ही.

दुसरी परीक्षा जरा टोचणारी आहे. सिग्नल हिरवा झाला आणि पुढची गाडी हलेना. पुढं जुनी रिक्षा असेल तर तुम्ही किती सेकंदांत हॉर्न देता? आणि काळ्या काचांची, फॅन्सी नंबरची मोठी गाडी असेल तर? अमेरिकेत डूब आणि ग्रॉस या दोघा संशोधकांनी १९६८ साली नेमकं हेच तपासलं होतं. हिरव्या सिग्नलला मुद्दाम गाडी हलवायची नाही आणि मागचा काय करतो ते मोजायचं. जुनाट गाडीमागच्या लोकांनी जास्त आणि लवकर हॉर्न वाजवले, भारी गाडीमागच्यांनी दम धरला. कॅलिफोर्नियात जे झालं तेच दाभोळकर कॉर्नरला होतं. ज्याला मोठ्या गाडीमागं दम धरता येतो, त्याला रिक्षामागंही धरता येतो. "माझा राग माझ्या हातात नाही" असं कुणी म्हणालं की मी याची आठवण करून देतो. तो हातात असतो, फक्त माणूस बघून सोडला जातो.

यानंतर एक आठवडा वही ठेवा. गाडी लावल्यावर, उतरायच्या आधी, दोन ओळी: किती वाजता, कुठं, पोटात काही होतं का, उशीर झाला होता का, निघताना शेवटचं बोलणं कुणाशी झालं. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून ठेवा. शेवटचा प्रश्न मात्र चुकवू नका, सगळ्यात जास्त माहिती त्यातच असते.

राग आधीच भरलेला असतो

एकदा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सुपरवायझरांशेजारी मी त्यांच्या परतीच्या वाटेवर बसलो होतो. त्यांनीच बोलावलं होतं, "सर, एकदा बघा माझं काय चुकतंय ते." संध्याकाळची वेळ. गाडी चालू करायच्या आधी फोन आला, कास्टिंगचा लॉट रिजेक्ट झाल्याचा. बोलणं चार वाक्यांचं. फोन ठेवला, गाडी काढली. तोपर्यंत डावा हात गिअरवर सैल होता.

पंचगंगेच्या पुलावर ट्रकमागं अडकलो तेव्हा उजव्या हाताचा अंगठा हॉर्नवर येऊन बसला. वाजवला नाही, नुसता टेकवला. तावडे हॉटेलला एक बस आडवी आली. ते काही बोलले नाहीत, पण पाठ सीटपासून सुटली, खांदे वर आले, जबडा आवळला. कावळा नाक्याला कॉलेजचा एक पोरगा मोपेडवरून डावीकडनं आत शिरला आणि काच खाली गेली.

"आवं, बघितलासा का सर? मरायचं हाय का याला?"

"बघितलं. पोरगा चुकलाच. पण तुमची पाठ कुठं हाय बघा."

त्यांनी खाली बघितलं. पाठ आणि सीटच्या मधे वीतभर जागा होती.

"ही कधी सुटली?" मी विचारलं.

ते बोलले नाहीत. दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला थांबल्यावर हळूच म्हणाले, "त्यो फोन घ्यायलाच नको हुता."

पोरानं काय केलं? बस आणि ट्रक आणि फोन या सगळ्यांचं बिल त्यानं भरलं. यामागचं कारण मानसशास्त्रात १९७०च्या दशकापासून माहीत आहे. डॉल्फ झिलमन यांनी ते मांडलं: एका प्रसंगानं शरीर तापलं की ते लगेच निवत नाही. डोक्याला वाटतं विषय संपला, पण रक्तात ॲड्रेनॅलिन असतं, ठोके वाढलेले असतात. तेवढ्यात दुसरा प्रसंग आला की पहिल्याची धग त्यात मिळते, आणि आपल्याला वाटतं की हा सगळा राग आत्ताच्या माणसाचाच आहे. म्हणून तिसऱ्या खोडीला भडका उडतो, मग ती किती का किरकोळ असेना.

दुरुस्ती त्यामुळं किल्ली फिरवायच्या आधी करायची. फोन आलाच तर बोला, पण ठेवल्यावर लगेच गाडी काढू नका. पाच मिनिटं खाली उतरून चाला, पाणी प्या. घरून भांडून निघाला असाल तरी हेच. शिफ्ट सुटल्यावर उपाशी पोटी चालवू नका. गाडीत गूळ-शेंगदाणे ठेवा, नाहीतर दोन केळी. ऐकायला फार साधं वाटतं, पण मला भेटलेल्या लोकांच्या वह्यांत संध्याकाळचे भडके आणि रिकामं पोट वरचेवर एकाच ओळीत असतं. झोप कमी झाली असेल त्या दिवशी तर स्वतःला आधीच सांगून ठेवा की आज आपण चिडके आहोत.

आणि उशीर. गजर पोचायच्या वेळेचा लावू नका, निघायच्या वेळेचा लावा. उशीर झालाच असेल तर हिशेब करा. शहरात दहा किलोमीटर जायचं आहे. सरासरी ताशी २५ किलोमीटरनं गेलात तर २४ मिनिटं, जीव मुठीत घेऊन कट मारत ३०ची सरासरी काढलीत तर २० मिनिटं. म्हणजे सगळ्या आटापिट्याची कमाई चार मिनिटं, तीही मधल्या सिग्नलनी ठेवली तर. कट मारून पुढं गेलेला व्हीनस कॉर्नरला तुमच्या शेजारीच उभा असतो, हे तुम्ही कितीदा पाहिलंय. निघायच्या आधीच ऑफिसला कळवा, "पंधरा मिनिटं उशीर होईल." तो फोन केला की उशिराचं ओझं बरंच हलकं होतं.

भडकायच्या बेतात असताना

इथं लंबेचौडे विचार उपयोगाचे नाहीत, कारण त्या क्षणी विचार चालतच नाही. शरीराला काम द्यायचं.

अंगठा हॉर्नवरून काढा आणि स्टिअरिंगच्या मागं वळवा. पाठ सीटला लावा, मुद्दाम दाबून. मग श्वास सोडा. घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला पाहिजे: चार अंक मोजून घेतला तर सहा-सात मोजून सोडायचा, असं चार-पाच वेळा. लांब उच्छ्वासानं ठोके खाली येतात, मेंदूकडून छाती-पोटाकडं जाणारी व्हेगस नावाची नस हे काम करते. डोळे उघडेच ठेवायचे, रस्ता बघतच हे करता येतं.

आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर पडू द्या. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मोजायला लागा, "एकशे एक, एकशे दोन." त्यानंतर तुम्ही खांबापाशी यायला हवं. ताशी ५० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे हे अंतर २८ मीटर होतं. रागात माणूस पुढच्याच्या बंपरला चिकटतो. मग पुढच्यानं नुसता ब्रेकला पाय लावला तरी धडकायची वेळ येते, आणि राग दुप्पट होतो. अंतर ठेवलं की पुढच्याच्या चुका तुमच्यापर्यंत पोचायच्या आत विरतात.

यावर प्रत्येक जण एकच म्हणतो: "सर, गॅप ठेवला की दुसरा घुसतो." घुसू दे. एक गाडी पुढं आली तर तुमचे दोन सेकंद गेले. कावळा नाक्यापासून सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकापर्यंत, दहा जण घुसले तर वीस सेकंद. एवढ्यासाठी अंगाची लाही करून घ्यायची का, हे तुम्हीच ठरवा.

एक वाक्य ठरवून ठेवा, मोठ्यानं म्हणायचं. "जाऊ दे भावा, तुला घाई हाय." किंवा "जा बाबा, सुखरूप जा." पहिल्यांदा म्हणताना खोटं वाटेल. तरी म्हणा, कारण तोंड एका वेळी एकच काम करतं, आणि त्या जागी शिवी येत नाही.

शिव्या देऊन मोकळं वाटतं, हा समज मी अनेकांकडून ऐकतो, आणि तो नुकसान करणारा आहे. ब्रॅड बुशमन या संशोधकानं २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्यानं चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगला ठोसे मारायला लावले, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग सगळ्यात जास्त निघाला, शांत बसलेल्यांचा सगळ्यात कमी. घरी जाऊन तीच गोष्ट तिखटमीठ लावून पुन्हा सांगितली तरी हेच होतं, राग परत तापतो. मागच्या सीटवर पोरं बसली असतील तर ती हे सगळं शिकतात, गाडी हातात यायच्या कितीतरी आधी.

ईर्षा

हा भाग खास आपल्या गावासाठी. कोल्हापूरच्या माणसात ईर्षा आहे. पेठेची आहे, तालमीची आहे, फुटबॉलच्या संघाची आहे. ती आपली ताकद आहे, मला तिचा अभिमान वाटतो. पण गाडीत ती फार वाईट रूप घेते. कुणी ओव्हरटेक केलं की "मला मागं टाकतो काय?" अशी चुरस सुरू होते, आणि समोरच्याला तर आपण चुरशीत आहोत याची खबरच नसते. तो दवाखान्यात निघालेला असतो, नाहीतर पोराला शाळेतून आणायला.

अशांना मी तालमीचा दाखला देतो. वस्ताद पोराला पहिल्यांदा काय शिकवतो? मातीत रागावू नको, दम जातो. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान १९१२ पासून उभं आहे. तिथं ज्यांनी कुस्त्या पाहिल्या त्यांना विचारा, भडकलेला मल्ल बघता बघता उचलला जातो. रस्त्यावर तर कुस्तीच लागलेली नसते. ना जोड ठरलेली, ना पंच, ना इनाम. ओव्हरटेक करणाऱ्याला वाट दिली म्हणून कुणाची पाठ टेकली, असं होत नाही.

याच गावाचा एक चांगला गुणही कामाला येतो. भांडण पेटलेलं असतं, कॉलर धरायची वेळ आलेली असते, आणि एक जण विचारतो, "कुठलं गाव तुमचं?" मग कळतं, पाव्हण्यातला निघाला किंवा मेव्हण्याच्या गल्लीतला. दोघंही खाली बघतात. काच वर असली की समोर माणूस दिसत नाही, नुसती गाडी दिसते, म्हणून राग बेफाम होतो. तेव्हा काचेपलीकडं कुणी ओळखीचं असावं असं धरून चाला. आपल्या गावात ते बऱ्याचदा खरंच निघतं.

उसाचा हंगाम

दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की कागल, हुपरी, राधानगरी, गगनबावडा, कुठल्याही रस्त्याला ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लागतात. वेग कमी, मागं दिवा असेलच असं नाही, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला. इथला राग चुकीच्या ओव्हरटेकमध्ये निघतो, आणि जीव जातात ते अशाच वेळी. दोन किलोमीटर ट्रॉलीमागं ताशी २० किलोमीटरनं गेलात तर सहा मिनिटं लागतात. तेच अंतर ५०नं गेलात तर अडीच मिनिटांच्या आत. नुकसान साडेतीन मिनिटांचं. मार्चपर्यंत ट्रॅक्टर लागणारच, हे धरूनच घरून निघा. रात्री तर ट्रॉली ओव्हरटेक करायच्या आधी समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसत नाही तोवर मागंच राहा. ज्या ट्रॅक्टरवाल्यावर तुम्ही चिडता, त्यानं आदल्या रात्री किती झोप घेतली असेल, याचाही एकदा विचार करा.

समोरचाच पेटलेला असेल तर

तुम्ही शांत आहात, तो अंगावर येतोय. नजर भिडवू नका, हातवाऱ्यांना उत्तर देऊ नका, काच वर, दारं लॉक. तुमची चूक असेल तर हात वर करून "चुकलं" म्हणा. एवढ्यानं बरीच भांडणं तिथंच बसतात. तो पुढं जाऊन ब्रेक मारत असेल तर मागं राहा, डावीकडं वळा, एखाद्या गल्लीत शिरून चहा प्या.

पाठलाग करत असेल तर घरी जाऊ नका, त्याला घर दाखवू नका. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा, जे पोलीस ठाणं जवळ असेल तिकडं गाडी घ्या, नाहीतर गर्दीच्या पेट्रोल पंपावर. शेजारी बसलेल्याला ११२ हा पोलीस मदतीचा नंबर लावायला सांगा. एकटे असाल तर सुरक्षित जागी थांबून दारं बंद ठेवूनच लावा. गाडी घासली असेल तर नंबराचा आणि नुकसानीचा फोटो काढा. कुणाची चूक हे रस्त्यात ठरवत बसू नका, तिथं निकाल लागत नाही, गर्दी जमते.

कायदाही माहीत असू द्या, कारण रागातला एक मिनिट पुढं फार महाग पडतो. धोकादायक पद्धतीनं गाडी चालवल्यास मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम १८४ नुसार पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. विनाकारण हॉर्न वाजवल्याचा दंड पहिल्यांदा एक हजार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी कलम २८१ आहे, आणि निष्काळजीपणानं कुणाचा जीव गेला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद. कॉलर धरली, मारलं, वाट अडवली, याची कलमं आणखी वेगळी.

एवढं करूनही थांबत नसेल तर

महिना-दीड महिना हे सगळं मनापासून करा. भडके कमी व्हायला लागतात, एकदम थांबत नाहीत. आधी आठवड्यातून चारदा होत असेल तर दोनदा होईल, आणि चढलेला पारा लवकर उतरेल. तीच सुधारणा. शक्य असेल तर आठवड्यातले एक-दोन दिवस केएमटीच्या सिटी बसनं जा किंवा कुणाबरोबर तरी जा, चालवणं दुसऱ्याच्या हाती द्या. ज्या चौकात रोज वाजतं तो चौक टाळून जरा लांबची वाट घ्या. त्यात कसलाही कमीपणा नाही.

पण राग गाडीपुरता राहिलेला नसेल, घरी, कामावर, पोराबाळांवर निघत असेल, हात उचलला जात असेल, नंतर काय केलं ते नीट आठवत नसेल, किंवा दारूशिवाय शांत वाटत नसेल, तर हा ड्रायव्हिंगचा प्रश्न राहिला नाही. डॉक्टरांकडं जा. रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, रात्री फार घोरत असाल आणि सकाळी उठल्यावरही थकवा असेल तर तेही सांगा, कारण अपुऱ्या झोपेचा माणूस दिवसभर चिडचिडा असतो. रागावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अमेरिकेत जेरी डेफेनबाकर यांनी गाडी चालवतानाच्या रागावरच वर्षानुवर्षं काम केलं. अंग सैल सोडायचं शिकवणं आणि प्रसंगाकडं बघायची पद्धत बदलणं, या दोन्हींनी चिडक्या चालकांचा राग कमी होतो, हे त्यांच्या कामातून दिसलं. लगेच कुणाशी तरी बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडं जाताना ती आठवड्याची वही बरोबर न्या. "मला फार राग येतो" एवढंच सांगण्यापेक्षा किती वाजता, कुठं आणि कशानंतर येतो हे त्यांच्या हातात असेल, तर पहिल्याच भेटीत बरंच काम होतं.